रानातल्या लांडग्यांना जंतांचं औषध द्यावं का?

मुक्ता_र

बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आज मांडतेय. इथे पशुवैद्य आहेत, रानोमाळ फिरणारे आहेत, म्हणून.

गेल्या हिवाळ्यात लांडग्यांच्या एका सर्वेक्षणाला स्वयंसेविका म्हणून गेले होते. रोज पहाटे वाटा तुडवायच्या आणि दिसेल त्या विष्ठेची नोंद करायची. कुठे पडलीय, ताजी की वाळलेली, आत केस किती, हाडांचे तुकडे किती. तिसऱ्या दिवशी दोन पायवाटा मिळतात तिथे अगदी ताजी विष्ठा दिसली, अजून वाफ निघत होती. वाकून पाहिलं तर हरणाच्या केसांच्या गुंत्यात पांढरट फितीचे तुकडे. त्यातला एक, नखाएवढा, हलत होता. आखडायचा, लांब व्हायचा, परत आखडायचा. गटप्रमुख ताई म्हणाल्या, "पट्टकृमी आहे, हात लावू नकोस," आणि नोंद करून पुढे गेल्या. मी तिथेच खिळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच टोळी लांबून दिसली. दोन मोठे आणि त्याच वर्षीची तीन पिल्लं. एक पिल्लू मागे रेंगाळणारं, अंगाने बारीक. त्याच्या पोटात काय काय चाललं असेल हे तेव्हापासून मनातून जात नाही.

घरच्या कुत्र्याला आपण नेमाने जंतांची गोळी देतो. मग मांसाच्या तुकड्यात गोळी घालून रानात ठेवली तर? या जंतांनी लांडगे मरतात का? त्यांना त्रास होतो का? माहीत असेल त्यांनी सविस्तर लिहा.

शंकासुर

प्रश्न आवडला, जागा धरून बसलोय. पण "जेवताना हा धागा उघडू नये" अशी सूचना वर टाका. मी उघडला.

गुरांचा_डॉक्टर

मुक्ताताई, पंचवीस वर्षं जनावरांची पोटं तपासण्यात गेली, त्यातली काही वन्यप्राण्यांच्या शवविच्छेदनात. म्हणून जरा लांबण लावतो.

रानात जन्मून वाढलेला आणि पोटात एकही जंत नसलेला लांडगा जवळजवळ सापडायचा नाही. जगभरच्या लांडग्यांमध्ये मिळून कृमींच्या सत्तरच्या आसपास प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. पट्टकृमी, गोलकृमी, अंकुशकृमी, पानाच्या आकाराचे चपटे कृमी, सगळी घराणी.

तुम्ही पाहिला तो बहुतेक टीनिया कुळातला. त्याचं अर्धं आयुष्य लांडग्यात जातं आणि अर्धं हरणात. हरणाच्या आतड्यांवरच्या पडद्याला किंवा यकृताला पाण्याने भरलेले फुगे लटकलेले असतात. प्रत्येक फुग्यात उलटं दुमडलेलं एक डोकं. लांडगा हरीण मारतो, फुगा पोटात जातो, डोकं उलगडून आतड्याला चिकटतं आणि फीत वाढायला लागते. फितीचं शेवटचं पेर अंड्यांनी गच्च भरलं की गळून विष्ठेतून बाहेर पडतं. तुम्हाला दिसलं ते हेच पेर. त्याला स्वतःचे स्नायू असतात, म्हणून ते सरपटत विष्ठेपासून लांब गवतावर जातं आणि जाताना अंडी सांडतं. ते गवत हरणाने खाल्लं की फेरा पुन्हा सुरू.

आता त्रासाचं. एकदा गाडीच्या धडकेने मेलेला लांडगा टेबलावर आला होता. मोठा नर. अंगावर चरबी, दात चांगले, केस तुकतुकीत. लहान आतडं उघडून हलकेच धुतलं, तर आतल्या मखमलीवर कुणी बारीक पांढरी वाळू भुरभुरवल्यासारखं दिसत होतं. भिंग धरल्यावर कळलं, वाळूचा एकेक कण म्हणजे एकेक पट्टकृमी. तीन ते सात मिलिमीटर लांब, जेमतेम तीन-चार पेरं. याचं नाव एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. खरवडून मोजायला घेतले आणि काही हजारांनंतर अंदाजावर आलो. त्या नराला याचा पत्ताही नसणार. तो शेवटपर्यंत शिकार करून खात होता.

शंकासुर

हजारो जंत आणि पत्ताच नाही? मग आपल्याला दोन निघाले तरी एवढी पळापळ का होते?

गुरांचा_डॉक्टर

कारण ही व्यवस्था लांडग्याशी जमवून घेतलेली आहे, इतरांशी नाही. लांडगा हा या कृमीचा अंतिम यजमान, म्हणजे ज्याच्या पोटात तो पूर्ण वाढून अंडी घालतो तो. मैलोन्‌मैल चालून, वाटांच्या नाक्या-नाक्यावर विष्ठा टाकून तोच अंडी पसरवतो. तो अंथरुणाला खिळला तर कृमीचा वंश बुडाला. म्हणून त्याच्या पोटात कृमी मुकाट राहतो. मधल्या यजमानाचं मात्र उलटं. हरीण, मेंढी, किंवा मूस, कॅरिबू ही उत्तरेकडची मोठी हरणं, यांच्या फुप्फुसांत नाहीतर यकृतात याच्या गाठी वाढतात. तिथे यजमान दमला, मागे पडला आणि मारला गेला तर कृमीचा फायदाच. लांडगे शिकारीचं पोट फाडून फुप्फुसं, काळीज, यकृत आधी खातात हे पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. गाठी नेमक्या तिथेच.

रानमाणूस

डॉक्टरांनी मुद्दा बरोबर पकडलाय. मी तर म्हणेन औषधाचा विचारसुद्धा नको. अमेरिकेत सुपिरिअर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस यांचा अभ्यास चाललाय. तिथल्या मूसच्या फुप्फुसांत या गाठी सापडतात. गाठींनी भरलेली फुप्फुसं घेऊन तो धिप्पाड प्राणी पळणार किती? दम लागतो आणि लांडग्यांच्या हाती येतो. म्हणजे कृमी लांडग्याच्या तोंडी शिकार आणून देतोय. तो काढलात तर लांडग्याचाच घास काढाल.

निळाई

रानमाणूस, ऐकायला छान वाटतं, पण एवढं सरळ नाही ते. गाठी वर्षानुवर्षं साठत जातात, त्यामुळे म्हाताऱ्या मूसमध्ये जास्त असणारच. म्हाताऱ्या मूसचे सांधेही झिजलेले असतात आणि दातही. लांडगे म्हातारे मूस मारतात हे खरं, पण ते गाठींमुळे की सांध्यांमुळे की नुसत्या वयामुळे, हे मेलेल्या जनावराची फुप्फुसं बघून सांगता येत नाही. कृमी "शिकार आणून देतो" ही शक्यता आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

आणि त्याच बेटावर लांडग्यांची खरी वाताहत कशाने झाली तेही लिहा की. १९८० मध्ये ५० लांडगे होते, १९८२ मध्ये १४ उरले. पार्व्हो विषाणू, कुत्र्यांकडून आलेला. कृमी नव्हे.

रानमाणूस

मान्य. "आणून देतो" हे जास्त झालं. पार्व्होचंही बरोबर. अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही पिल्लं मोठ्या संख्येने गेली ती १९९९, २००५ आणि २००८ मध्ये, डिस्टेंपरने. तोही विषाणूच. लांडग्यांची काळजी करायची तर आधी कुत्र्यांच्या लसीकरणाची करा, असं माझं मत आहे.

भटक्या

यलोस्टोनच्या लांडग्यांचे केस गळून पार उघडे पडलेले फोटो पाहिलेत. शेपटी नुसती दोरीसारखी. तो पण जंतांचाच प्रकार ना?

गुरांचा_डॉक्टर

नाही भटक्या, ती खरूज. कातडीत बोगदे करणारा आठ पायांचा किडा असतो, कृमी नाही. आणि त्याची कथा वाईट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मोंटाना राज्यात लांडगे आणि कायोटी (लांडग्याचे छोटे भाऊबंद) संपवण्यासाठी ही खरूज मुद्दाम लावून जनावरं रानात सोडली होती. खरजेने लांडगा खरोखर मरतो. केस गेले की थंडीत अंगातली ऊब टिकत नाही. आतड्यातल्या पट्टकृमीपेक्षा ही कातडीवरची पीडा कितीतरी क्रूर.

मेंढपाळाची_लेक

मी लांडग्यांची बाजू घेणार नाही, विरोधातही बोलणार नाही. पाहिलं ते सांगते.

लहान असताना आमच्या कळपातली एक मेंढी गोल गोल फिरायला लागली. मान एका बाजूला कललेली, एकाच दिशेने गरगर. हाक मारली तरी थांबायची नाही, कुंपणाला धडकायची. वडिलांनी डोक्याच्या हाडावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले. म्हणाले, "इथे हाड मऊ झालंय." मला हात लावून बघायला सांगितलं. खरंच, अंगठा किंचित आत जात होता. आत मेंदूवर पाण्याची पिशवी वाढलेली. ती मेंढी वाचली नाही.

तेव्हा सगळे म्हणाले, लांडग्यांनी आणलं. पुष्कळ वर्षांनी पशुवैद्यकाच्या शिबिरात कळलं की तोही एक टीनियाच, आणि लांडग्यात राहतो तसाच कुत्र्यातही. मग आठवलं. मेलेल्या मेंढीचं डोकं आमच्याकडे कोण खायचं? आमचीच कुत्री. आम्हीच टाकायचो. आणि तीच कुत्री रोज कळपाबरोबर चरणीला. लांडगा वर्षातून दोनदा दिसायचा.

मुक्ता_र

ताई, वाचताना अंगावर काटा आला. तो अंगठ्याचा भाग विसरणार नाही मी.

पानगळ

मेंढपाळाची_लेक यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि आमच्या घरातलं उदाहरण देते.

माझ्या मावशीला कित्येक महिने कोरडा खोकला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात मोठी गोल सावली. पहिल्या ठिकाणी सांगितलं कर्करोग असावा, सुईने पाणी काढून तपासू. घरात रडारड. मामांनी हट्टाने दुसरं मत घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी, रक्ताची तपासणी केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लहानपणी घरी कुत्री होती का? मेंढ्या होत्या का?" दोन्ही होतं. हायडॅटिड गाठ निघाली, म्हणजे डॉक्टरांनी वर सांगितलेल्या एकिनोकॉकसचीच. पूर्वतयारीशिवाय सुई घातली असती आणि आतलं पाणी पोकळीत सांडलं असतं तर जिवावरची ॲलर्जी येऊ शकते, शिवाय नव्या गाठी रुजतात, हे नंतर समजलं. आधी अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध सुरू केलं, मग शस्त्रक्रिया. काढलेली गाठ मावशीने बघितली. पांढरं, लुसलुशीत कवच, आत स्वच्छ पाणी, तळाशी बारीक रेती. त्या रेतीचा एकेक कण म्हणजे कृमीचं डोकं.

आता बरी आहे. मावशीने आयुष्यात लांडगा पाहिलेला नाही.

शंकासुर

मग घरात एकाला झालं की दुसऱ्यालाही होतं का हे?

गुरांचा_डॉक्टर

नाही. माणूस म्हणजे या कृमीच्या वाटेतली बंद गल्ली. अंडं आपल्या पोटात गेलं तर गाठ होते, पण त्या गाठीतून पुढे जायला ती कुणीतरी खावी लागते. माणसाकडून माणसाला होत नाही. गाठ इतकी हळू वाढते की बालपणी गेलेलं अंडं चाळिशीत डोकं वर काढतं.

पानगळ, त्या दुसऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार. तो प्रश्न विचारायला हवा हे सुचणंच मोठं. काही गाठींत सुई घालून उपचार करतातही, पण औषधाचं कवच आधी चढवून आणि आणीबाणीची सगळी तयारी ठेवूनच.

आणखी एक. एकिनोकॉकसचे प्रकार असतात. मेंढी आणि कुत्र्यात फिरणारा वेगळा. लांडगा आणि मूस, कॅरिबू, एल्क यांच्यात फिरणारा वेगळा. उत्तरेकडच्या त्या रानातल्या प्रकाराच्या गाठी मुख्यतः फुप्फुसात होतात आणि माणसाला झाल्या तरी सहसा सौम्य असतात. त्याचा चुलतभाऊ एकिनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस मात्र घातक. तो मुख्यतः कोल्हे आणि उंदरांसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत फिरतो, लांडग्यातही सापडतो. माणसाच्या यकृतात तो कर्करोगासारखा पसरतो.

हरणटोळ

"लांडग्यांनी रोग आणला" हे वाक्य आलंच आहे तर आयडाहो-मोंटानाचं सांगायला हवं. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ६६ लांडगे आणून सोडले, ३१ यलोस्टोनमध्ये आणि ३५ आयडाहोत. सोडण्याआधी त्यांना जंतांचं औषध दिलं होतं. मुक्ताताई, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. २००६ ते २००८ या काळात तिथल्या १२३ लांडग्यांची आतडी तपासली. आयडाहोच्या ६३ पैकी ३९ मध्ये आणि मोंटानाच्या ६० पैकी ३८ मध्ये एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस निघाला. म्हणजे साधारण ६२-६३ टक्के.

आकडे बाहेर आल्यावर तिथे भलताच गदारोळ झाला. शिकारी आणि पशुपालक म्हणाले, बघा, लांडगे मृत्यू घेऊन आले. मी दोन्ही बाजूंचं बरंच वाचलं, आणि मला भीती दाखवणाऱ्यांचा राग येतो. विष्ठा हाताने फोडू नका, मेलेल्या लांडग्याची कातडी काढताना हातमोजे घाला, एल्कची फुप्फुसं कुत्र्यापुढे टाकू नका. एवढं पाळलं की धोका फार खाली येतो. हे सांगायचं सोडून लोकांना घाबरवण्यात काय मिळतं?

इतिहासवेडा

हरणटोळ यांच्या मुद्द्याला आइसलँडची जोड देतो. त्या बेटावर लांडगा नाहीच. तिथला मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच, ध्रुवीय कोल्हा. तरीही एकोणिसाव्या शतकात हायडॅटिड गाठींनी तिथली माणसं बेजार होती. हाराल्ड क्राबे नावाचे डॅनिश संशोधक तिथे गेले, कुत्र्यांची आतडी तपासली आणि १८६४ मध्ये सामान्य लोकांसाठी एक पुस्तिका लिहिली. गाठी असलेले अवयव जाळा किंवा पुरा, कुत्र्यांना देऊ नका, कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेऊ नका. पुस्तिका घरोघरी वाटली. पुढे कायदे झाले. हळूहळू तिथून हा रोग नाहीसा झाला. तेव्हा जंतांचं आजच्यासारखं प्रभावी औषध नव्हतं. काम केलं ते समजूत आणि सुरी धरणाऱ्या हाताच्या सवयीने.

जाता जाता, लांडग्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीला, टीनिया क्राबे, याच माणसाचं नाव मिळालं. रेनडिअरच्या मांसात त्याच्या पुट्या असतात.

पानगळ

हे वाचून फार बरं वाटलं. मावशीला दाखवते.

शंकासुर

अवांतर. मध्यंतरी वाचलं होतं की डोक्यात परजीवी असलेला लांडगाच टोळीचा नायक होतो. खरं की थाप?

निळाई

खरं, पण तो कृमी नाही. टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय जीव. २०२२ मध्ये यलोस्टोनच्या लांडग्यांवरचा अभ्यास आला, पंचवीसेक वर्षांच्या रक्तनमुन्यांवर. ज्यांच्या रक्तात त्याच्या खुणा होत्या ते टोळीचे नायक व्हायची शक्यता ४६ पट आणि टोळी सोडून जायची ११ पट जास्त दिसली. प्यूमाचा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) वावर जास्त तिथल्या लांडग्यांत लागण जास्त, कारण हा परजीवी मार्जारकुळाच्या विष्ठेतून पसरतो. परजीवीमुळे धीट झाले, असा अभ्यासकांचा कयास आहे.

शंकासुर

४६ पट! म्हणजे जंगलातली निवडणूक मांजर ठरवतंय.

भटक्या

मलाही एक भर घालू द्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे लांडगे नदीत शिरून सामन पकडतात. बहुतेकदा डोकं तेवढं खातात, धड तसंच टाकून देतात. दगडावर ओळीने बिनडोक्याचे मासे. मी प्रत्यक्ष नाही, चित्रफितीत पाहिलंय, पण दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या भागातल्या सामनमध्ये एक बारीक चपटा कृमी असतो आणि त्या कृमीच्या आत एक जिवाणू. कुत्रा, कायोटी, लांडगा यांना तो जिवाणू मारू शकतो, अस्वलांना त्याचं काही वाटत नाही. लांडगे धड का टाकतात? एक तर्क असा की हीच टाळाटाळ. दुसरा असा की डोक्यात चरबी जास्त.

मुक्ता_र

काय सुंदर माहिती आहे ही! विष्ठेत गवतही सापडायचं खूप, अख्ख्या पात्यांच्या गुंडाळ्या, न पचलेल्या. जंत काढायला खातात म्हणतात, ते खरं का?

गुरांचा_डॉक्टर

पटण्यासारखं आहे. चिंपांझी खरखरीत पानं न चावता गिळतात आणि त्या पानांच्या घड्यांत अडकून कृमी बाहेर पडतात, हे नीट पाहिलं गेलंय. कुत्र्यांच्या दीड हजारांवर मालकांना विचारून झालेल्या एका पाहणीत, गवत खाण्याआधी कुत्रा वारंवार आजारी दिसायचा असं सांगणारे ८ टक्केच होते, आणि खाल्ल्यावर नेमाने ओकणारे कुत्रे २२ टक्के. म्हणजे "पोट बिघडलं म्हणून गवत खातो" हे बहुतेक वेळा खरं नाही. लांडगा-पूर्वजांकडून आलेली आतडी झाडून काढायची जुनी सवय असावी, असं त्या संशोधकांनी सुचवलं. पात्यात गुंडाळलेली फीत तुम्हाला विष्ठेत दिसली असेल तर नोंद जपून ठेवा.

मुक्ता_र

डॉक्टर, सगळं समजलं, पण ते मागे राहणारं पिल्लू सुटत नाहीये मनातून. मोठ्यांना त्रास नाही हे कळलं. पिल्लांचं काय?

गुरांचा_डॉक्टर

या प्रश्नाची वाटच बघत होतो. सगळ्या कृमींना निरुपद्रवी म्हणून चालणार नाही.

टोक्सोकारा नावाचा गोलकृमी मादीच्या अंगात, स्नायूंमध्ये झोपून असतो. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत त्याच्या अळ्या जाग्या होतात आणि नाळेतून गर्भात शिरतात. पिल्लू जन्मतंच जंत घेऊन. काही आठवड्यांत पोट नगाऱ्यासारखं, पाय काड्या. अंकुशकृमीच्या काही जाती दुधातून जातात आणि आतड्याला दात लावून रक्त पितात. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. अन्न भरपूर असेल तर बहुतेक पिल्लं निभावतात, वाढतात, त्यांची प्रतिकारशक्ती जंतांना ताब्यात आणते. उपासमार असेल, त्यात विषाणू आला, तर जंत हा शेवटचा धक्का ठरतो. तुमचं बारीक पिल्लू हिवाळ्यापर्यंत टोळीबरोबर चालत होतं, म्हणजे सर्वात अवघड महिने त्याने मागे टाकले होते.

मोठ्यांतही दोन कृमींना मी भितो. एक हृदयकृमी. डास चावून येतो, हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुप्फुसाच्या धमनीत तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. नॉर्थ कॅरोलायनातले तांबडे लांडगे आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यांच्यातही तो आहे. दुसरा मूत्रपिंडातला राक्षसी कृमी, मासे-बेडकांतून येणारा, बहुधा उजव्या मूत्रपिंडात. मादी एक मीटरपर्यंत लांब, रक्तासारखी लाल. मूत्रपिंड आतून पोखरून नुसती पिशवी उरते. लांडग्यात क्वचितच, पण सापडलेला आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, मांसात गोळी. कोल्ह्यांवर हे करून झालंय, दक्षिण जर्मनीत आणि जपानच्या होक्काइदो बेटावर. प्राझिक्वांटेल घातलेली आमिषं पुन्हा पुन्हा टाकली, कोल्ह्यांतली लागण घटली. टाकणं थांबवल्यावर परत वाढली. हे औषध पोटातला कृमी मारतं, पण शरीरात टिकत नाही आणि अंड्यांना काही करत नाही. पुढचं हरीण खाल्लं की लांडगा दीड-दोन महिन्यांत परत अंडी टाकायला लागतो. हरणटोळ यांनी दिलेले आयडाहोचे आकडे हेच सांगतात. शिवाय तुमची गोळी कोण खाईल? कोल्हा, कावळा, रानडुक्कर. आणि लांडगा माणसाच्या वासाच्या मांसाला सरावला, तर त्या पिल्लाचं आयुष्य जंतांपेक्षा त्याने कमी होईल. लांडगा दुसरीकडे हलवायचा असेल, पिंजऱ्यात असेल, तर औषध जरूर द्यावं. रानात नको. माझं स्पष्ट मत.

रानमाणूस

+१. शेवटच्या चार वाक्यांना +१००.

मेंढपाळाची_लेक

गोळ्या द्यायच्याच तर रानाच्या कडेच्या कुत्र्यांना द्या. ती हाताला सापडतात.

मुक्ता_र

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर मिळालं. गोळीचा विचार सोडला, आणि कळपांबरोबरच्या कुत्र्यांना औषध देण्यासाठी पुढच्या फेरीत काही करता येईल का हे गटात विचारलंय. दोघं तयार झालेत.

एक सांगायचं राहिलं. ताईंनी त्या दिवशीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता. तिथे तो आधी उणे ८० अंशांवर कित्येक दिवस ठेवला, कारण साध्या बर्फाने ही अंडी मरत नाहीत. मग जस्ताच्या क्षारद्रावणात घुसळला, अंडी वर तरंगली. काल मला बोलावून दाखवलं. सूक्ष्मदर्शकात तपकिरी गोल, जाड कडा, कडेला चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेघा. भिंग किंचित फिरवल्यावर आत सहा सूक्ष्म आकड्या दिसल्या, दोन-दोनच्या जोड्यांत. मी श्वास रोखून बघत होते. तिथल्या ताई म्हणाल्या, एवढ्यावरून टीनिया की एकिनोकॉकस ते सांगता येत नाही, दोघांची अंडी हुबेहूब सारखी, डीएनए तपासावा लागेल.

गुरांचा_डॉक्टर

बरोबर सांगितलं त्यांनी. पेर नखाएवढं होतं म्हणजे टीनिया नक्की आहे, कारण एकिनोकॉकस अख्खा तुमच्या नखात मावेल. पण एकाच लांडग्यात दोघंही असू शकतात. निकाल आला की इथे लिहा. आणि त्या दिवशीचे बूट रानातून आल्यावर घराबाहेर धुतले होते ना?

मुक्ता_र

नव्हते धुतले. आज उकळत्या पाण्याने धुतले, हातमोजे घालून.